शहर वाढते तसे रस्त्यांचे जाळे तुटक का होत जाते? (पुण्याच्या निमित्ताने)

नकाशावाचक (धागाकर्ता)

पुण्याचा नकाशा मध्यापासून बाहेरच्या दिशेने वाचत गेले, तर शहराच्या वाढीचा प्रत्येक टप्पा रस्त्यांच्या आकारावरून ओळखता येतो. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठांतले रस्ते अरुंद आहेत, पण ते एकमेकांना सतत मिळत राहतात. मोठा रस्ता अडला तर बोळातून पुढच्या रस्त्याला लागता येते. नदी ओलांडून डेक्कन जिमखाना, प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता या भागात आलो की आखीव गल्ल्या लागतात आणि त्यांपैकी बहुतेक दोन्ही टोकांना मोकळ्या असतात. १९६१ च्या पानशेत पुरानंतर ज्या वसाहती उभ्या राहिल्या, सहकारनगर किंवा लोकमान्यनगरासारख्या, त्यांतही रस्ता आधी आणि घर नंतर हा क्रम बऱ्याच अंशी टिकलेला दिसतो.

त्यापुढे मात्र चित्र बदलते. धायरी, उंड्री, वाघोली, सूस, बाणेरचा बराचसा भाग पाहावा. एक मुख्य रस्ता, त्याला फुटलेले उपरस्ते, आणि प्रत्येक उपरस्त्याच्या शेवटी एखाद्या गृहसंकुलाचे फाटक किंवा कंपाउंडची भिंत. ही रचना झाडाच्या फांद्यांसारखी आहे: एका फांदीच्या टोकावरून शेजारच्या फांदीच्या टोकावर जायचे, तर खोडापर्यंत खाली उतरूनच जावे लागते. दोन इमारतींच्या गॅलऱ्यांतून एकमेकांशी बोलता येईल इतके अंतर असते आणि तरीही एकीतून दुसरीत जाण्यासाठी रिक्षा करावी लागते, ही परिस्थिती या भागांत राहणाऱ्या कोणालाही नवीन नाही.

हे केवळ पुण्यात घडते आहे असे नाही. क्रिस्टोफर बॅरिंग्टन-ली आणि अ‍ॅडम मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी ओपनस्ट्रीटमॅप या मुक्त नकाशाच्या आधारे जगभरातल्या रस्त्यांच्या जाळ्याचे मोजमाप केले आणि ते २०२० मध्ये प्रसिद्ध केले. चौकात किती रस्ते येऊन मिळतात, किती गल्ल्या पुढे बंद होतात, सरळ रेषेतल्या अंतरापेक्षा प्रत्यक्ष वाट किती लांब पडते, अशा गोष्टी एकत्र करून त्यांनी 'जोडणीच्या अभावाचा' एक निर्देशांक तयार केला. १९७५ पासून जगाच्या मोठ्या भागात नव्याने वाढणाऱ्या वस्त्यांची जोडणी घटत गेली, असे त्यांना आढळले. त्याच दोघांनी त्याआधी, २०१५ मध्ये, अमेरिकेचा शंभर वर्षांचा आढावा घेतला होता. तिथे ही तुटकता १९९४ च्या सुमारास कळसाला पोहोचली आणि त्यानंतर नव्या वस्त्यांत ती हळूहळू कमी होऊ लागली. म्हणजे ही घसरण अटळ नाही, आणि मला या साऱ्या चर्चेत हा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

जोडणीचा फरक किती मोठा असतो, हे साध्या गणितानेही कळते. पाच चौकटी लांब आणि पाच चौकटी रुंद असे चौकोनी जाळे घेतले, तर एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात पोहोचण्याचे सर्वांत कमी लांबीचे असे २५२ मार्ग निघतात. फांद्यांच्या रचनेत, घरे तितकीच असली, तरी मार्ग एकच असतो. तो एक मार्ग खोदला गेला, त्यावर पाणी साचले किंवा लग्नाची वरात आली, की सारेच थांबते.

आपल्याकडच्या विस्ताराची चर्चा करताना एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. अमेरिकेतली विस्कळीत वाढ म्हणजे विरळ वस्ती आणि तुटके रस्ते. आपल्याकडे तुटके रस्ते तेच, पण त्यांच्या टोकाला वीस-वीस मजल्यांच्या इमारती. जी रचना अंगणवाल्या तीस-चाळीस घरांसाठीही गैरसोयीची ठरली, तिच्यावर आपण शेकडो सदनिकांचा भार टाकतो आहोत. त्यानंतर मुख्य रस्ता तुंबला की उपाय म्हणून तो रस्ता रुंद करायचा, त्यावर उड्डाणपूल बांधायचा, आणि काही वर्षांनी पुन्हा तीच तक्रार ऐकायची. सिंहगड रस्ता हे याचे ठळक उदाहरण आहे. एका बाजूला मुठा नदी, दुसऱ्या बाजूला कालवा आणि टेकडी, आणि मधल्या पट्ट्यात समांतर जाणारा दुसरा सलग रस्ता नाही. हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान संकुलाचे दुखणेही हेच: आत रुंद रस्ते आहेत, पण आत शिरण्याच्या वाटा मोजक्या.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. वाहतुकीची कोंडी ही प्रामुख्याने मोठ्या रस्त्यांच्या रुंदीची समस्या नसून, नऊ आणि बारा मीटरच्या लहान रस्त्यांच्या न जुळलेल्या टोकांची समस्या आहे, आणि ती टोके जुळवण्याची संधी जमिनीचे तुकडे पडत असतानाच असते. इमारत पन्नास वर्षांत पाडून पुन्हा बांधली जाते. रस्त्याची रेषा मात्र एकदा पडली की शतकानुशतके हलत नाही. पेठांमधले अनेक वाडे गेले, तरी त्यांच्यामधले बोळ आजही जिथल्या तिथे आहेत.

ही टोके जुळत का नाहीत, आणि ती जुळवण्यासाठी काय करता येईल, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

---

सदाशिवपेठी

विषय चांगला मांडला आहे. एक पुरवणी जोडतो. पेठांचे कौतुक करताना त्यांची रचनाही हेतुपूर्वक झाली होती हे विसरले जाते. शहाजीराजांच्या आणि पुढे पेशव्यांच्या काळात पेठ वसवायची म्हणजे शेटे-महाजनांना जागा नेमून द्यायची, बाजाराचा रस्ता धरायचा आणि दोन्ही बाजूंना घरांची ओळ बसवायची, अशी पद्धत होती. रविवार, बुधवार, सदाशिव या पेठांत आजही जवळपास समांतर रस्ते दिसतात ते त्यामुळेच. पुढे लक्ष्मी रस्ता, बाजीराव रस्ता, शिवाजी रस्ता हे रुंद झाले, तेव्हा त्यांना जोडायला लहान रस्त्यांचे जाळे आधीपासून हजर होते. आज नेमके उलटे घडते: मोठा रस्ता आधी येतो, आणि त्याला पोसणारे जाळे मागाहून येईल अशी अपेक्षा ठेवली जाते.

---

पाणंद

टोके का जुळत नाहीत याचे उत्तर सातबाऱ्यात आहे. आमची शेती शहराच्या हद्दीलगत होती, त्यामुळे हा प्रकार मी जवळून पाहिला आहे.

शहराबाहेरची जमीन कोरी पाटी नसते. तिच्यावर गट असतात, गटांत हिस्से असतात. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरण कायद्यानंतर सर्व्हे नंबरांचे गट झाले, परंतु त्यानंतरच्या दोन-तीन पिढ्यांत पुन्हा वाटण्या झाल्या. वाटणी करताना प्रत्येक भावाला रस्त्याकडची किंवा विहिरीकडची बाजू मिळावी, असा आग्रह असतो आणि तो रास्तही आहे. परिणामी हिस्से पडतात ते रस्त्याला काटकोनात, लांब आणि चिंचोळ्या पट्ट्यांचे. पंधरा-वीस मीटर रुंद आणि तीनशे मीटर लांब असा हिस्सा आमच्या भागात सर्रास होता.

आता बांधकाम व्यावसायिक येतो आणि असे दोन-तीन पट्टे विकत घेतो. त्याचा अंतर्गत रस्ता कुठून जाणार? पट्ट्याच्या लांबीनेच. तो मुख्य रस्त्यापासून सुरू होतो आणि मागच्या बांधापाशी संपतो. शेजारच्या पट्ट्याचा व्यवहार पाच वर्षांनी दुसऱ्याशी होतो, त्याचाही रस्ता तसाच मागच्या बांधापर्यंत जातो. दोन्ही रस्ते नियमाला धरून असतात, दोन्ही नकाशे मंजूर असतात. त्यांना जोडणारा आडवा रस्ता मात्र कोणाच्याच नकाशात नसतो, कारण तो देण्यात कोणाचाच फायदा नसतो. ज्याच्या जमिनीतून आडवा रस्ता जाईल त्याचे क्षेत्र कमी होते आणि लाभ शेजाऱ्याला होतो. धागाकर्त्यांनी म्हटलेली फांद्यांची रचना अशी आपोआप तयार होते. तिच्यामागे कोणाचा दुष्ट हेतू असावा लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक खेदाची आहे. गावाकडे आडव्या वाटा पूर्वीपासून होत्या. दोन गावांच्या शिवेवरून जाणारा शिवरस्ता, शिवारात नेणारी पाणंद, गाडीवाट, पायवाट. गावनकाशावर त्यांपैकी अनेक दाखवलेल्या असतात. शेतकऱ्याला बांधावरून वाट मिळावी म्हणून महाराष्ट्र जमीन महसूल संहितेत कलम १४३ आहे, आणि वहिवाटीचा रस्ता अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. शेती असेपर्यंत या वाटांसाठी भांडणे होत, मोजण्या होत, कारण त्यांच्याशिवाय ऊस बाहेर काढता येत नसे. जमीन बिगरशेती झाली की त्या वाटेचा कोणी वालीच उरत नाही. नवे रहिवासी तिला ओळखत नाहीत, जुने खातेदार निघून गेलेले असतात, आणि एका पावसाळ्यात तिच्यावर भिंत उभी राहते. तयार मिळालेले, सरकारी नकाशावर नोंदलेले आडवे रस्ते आपण असे घालवले आहेत. नव्या वस्तीचा आराखडा करताना पहिले काम म्हणून गावनकाशावरच्या सर्व पाणंदी आणि शिवरस्ते कायम ठेवले असते, तरी अर्धे जाळे आपोआप मिळाले असते.

---

गॅलरीतून

मी वेगळी बाजू मांडते. आमचे संकुल अशाच एका बंद रस्त्याच्या टोकाला आहे आणि आम्ही ते त्यासाठीच निवडले. आतल्या रस्त्यावर मुले सायकल चालवतात, वृद्ध मंडळी संध्याकाळी फिरतात. हाच रस्ता मागच्या वसाहतीला जोडला, तर मुख्य रस्त्यावरची कोंडी चुकवणारी प्रत्येक दुचाकी आमच्या इमारतींमधून जाईल. शेजारच्या एका वसाहतीत तसे झालेले आम्ही पाहिले आहे. सहा महिन्यांत तिथे गतिरोधकांची रांग लागली.

शिवाय हा अंतर्गत रस्ता सांभाळण्याचा खर्च आम्ही मासिक शुल्कातून करतो. डांबरीकरण, दिवे, सफाई, सारे आमच्या पैशातून होते आणि महापालिकेचा मिळकतकर वेगळा भरतो. ज्या रस्त्याचा सगळा भार सभासदांवर आहे, तो सर्वांना खुला करा असे म्हणणे न्याय्य आहे का? जोडणी हवी हे तत्त्व म्हणून मान्य करता येईल, परंतु तिची किंमत नेमक्या ज्यांना मोजावी लागते त्यांचेही ऐकले पाहिजे.

---

नकाशावाचक

पाणंद यांच्या प्रतिसादाने मूळ लेखात राहिलेला महत्त्वाचा भाग भरून निघाला. त्यांचे आभार.

गॅलरीतून यांचे दोन्ही मुद्दे मला खरे वाटतात आणि त्यांना उत्तर देणे आवश्यक आहे. भरधाव परक्या वाहनांची भीती रास्त आहे. पण ती एवढी तीव्र का होते, हे पाहावे. एका भागात दहा संकुले असतील आणि त्यांपैकी एकानेच रस्ता खुला केला, तर दहांची वाहतूक त्या एकावर येते. दहांनीही केला, तर ती दहा वाटांवर विभागते आणि कोणत्याच गल्लीत फारशी राहत नाही. प्रभात रस्त्याच्या गल्ल्या खुल्या असूनही बव्हंशी शांत राहिल्या, याचे हे एक मोठे कारण आहे. म्हणून हा निर्णय एकेका सोसायटीवर सोडला तर प्रत्येकीसाठी 'आपण बंद ठेवावे' हेच शहाणपणाचे ठरणार. तो निर्णय वरच्या पातळीवर आणि सर्वांसाठी एकाच वेळी व्हायला हवा.

दुसरे असे की जोडणी म्हणजे मोटारीची जोडणी असे समजण्याचे कारण नाही. दोन संकुलांमधल्या भिंतीत दोन मीटर रुंदीची, मध्ये खांब असलेली वाट काढली तर चालणारा आणि सायकलवाला जाईल, दुचाकीला आणि मोटारीला अटकाव राहील. शाळेत जाणारे मूल, भाजी आणायला निघालेली गृहिणी, बसथांब्याकडे निघालेला नोकरदार, यांचा दीड किलोमीटरचा वळसा अशा एका वाटेने दोनशे मीटरवर येऊ शकतो. ज्यांना आज केवळ वळशामुळे वाहन काढावे लागते, त्यांतले बरेच जण चालू लागतील आणि मुख्य रस्त्यावरचा भार त्या प्रमाणात हलका होईल.

खर्चाच्या मुद्द्यावर मी त्यांच्याशी पूर्णपणे सहमत आहे. रस्ता सार्वजनिक वापरासाठी मागायचा असेल, तर त्याची देखभालही सार्वजनिक पैशातून झाली पाहिजे.

---

दूरदेशी

मी न्यू जर्सीत राहतो. बंद गल्लीची कल्पना उपनगरांत रुजवणारी वसाहत याच राज्यात आहे, म्हणून थोडे लिहितो.

फेअर लॉन गावातील रॅडबर्न ही वसाहत १९२९ मध्ये क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी आखली. मोटारी वाढत होत्या, मुले रस्त्यावर चिरडली जात होती, तेव्हा मोटारीपासून सुरक्षित अशी वस्ती करावी हा त्यांचा हेतू होता. घराच्या एका बाजूला मोटारीसाठी बंद गल्ली आणि दुसऱ्या बाजूला पायवाट. सगळ्या पायवाटा आतल्या बागेत मिळतात आणि मोठ्या रस्त्याखालून भुयारी मार्गाने पलीकडे जातात. म्हणजे मोटारीसाठी रस्ता बंद होता, माणसासाठी नव्हता. महामंदीमुळे ही वसाहत ठरल्याइतकी पूर्ण झाली नाही, पण तिची कल्पना पसरली.

पसरली ती मात्र अर्धीच. १९३० च्या दशकात अमेरिकी सरकारच्या गृहकर्ज-विमा खात्याने वसाहतींच्या आखणीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यांत चौकोनी जाळ्यापेक्षा वळणदार रस्ते व बंद गल्ल्या यांना पसंती दिली. कर्जाला विमा हवा असल्याने विकसकांनी त्या सूचना मुकाट्याने स्वीकारल्या. बंद गल्ली राहिली, तिच्यामागची पायवाट आणि बाग गळाली. आमच्या आसपास अशी घरे आहेत ज्यांच्या मागच्या कुंपणापलीकडे शाळेचे मैदान दिसते, आणि तरीही मुले पिवळ्या बसने वळसा घालून जातात.

देखभालीच्या खर्चाबाबत एक उदाहरण उपयोगी पडेल. व्हर्जिनिया राज्यात बहुतेक स्थानिक रस्त्यांची देखभाल राज्य सरकार करते. २००९ मध्ये तिथे असा नियम झाला, की नवी वसाहत शेजारच्या वसाहतींशी आणि रस्त्यांशी ठरावीक प्रमाणात जोडलेली असेल, तरच तिचे रस्ते राज्य आपल्याकडे घेईल. पुढे काही वर्षांत त्या अटी सौम्य करण्यात आल्या, पण तत्त्व लक्षात घेण्यासारखे आहे. गॅलरीतून यांनी मांडलेला प्रश्न तिथे उलट बाजूने सोडवला गेला: जोडणी द्या, आणि रस्त्याचा खर्च आमच्यावर सोपवा.

---

बसप्रवासी

बसचा विचार या चर्चेत यायला हवा. बसमार्ग आखताना बस एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडली पाहिजे. बंद रस्त्यात बस नेली तर तिला वळवायला जागा लागते, आणि गेल्या वाटेनेच परत यावे लागत असल्याने पुढच्या सगळ्या प्रवाशांचा वेळ वाढतो. म्हणून अशा भागांत बस मुख्य रस्त्यावरच राहते. थांब्यापासून चारशे मीटर सरळ रेषेत अर्धा चौरस किलोमीटर क्षेत्र येते, पण तुटक जाळ्यात त्यातला थोडाच भाग प्रत्यक्ष चालत गाठता येण्याजोगा असतो. लोक राहतात थांब्याच्या जवळ, आणि चालण्याच्या हिशोबाने असतात दूर. मग 'या भागात प्रवासी मिळत नाहीत' असे म्हणून फेऱ्या कमी होतात. मेट्रोच्या स्थानकांनाही हाच न्याय लागू पडतो. कोट्यवधी रुपयांचे स्थानक आणि त्याच्यामागच्या वसाहतीतून तिथे येणारी वाटच नाही, असे होऊ नये.

अग्निशमन दलाची आणि रुग्णवाहिकेची अडचण याहून गंभीर आहे, ती वेगळी सांगण्याची गरज नाही.

---

मोजणीदार

नगररचनेच्या कामाशी माझा बराच काळ संबंध आला आहे. पाणंद यांनी रोगाचे निदान अचूक केले आहे. त्यावरचे औषध आपल्याकडे शंभर वर्षांपूर्वीच तयार झाले होते, ते सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

१८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याने दादर-माटुंग्याची आखणी केली. तिथे जमीन आधी संपादन करून मग रस्ते पाडले. हा मार्ग महागडा होता. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने दुसरा मार्ग दिला, तो नगररचना योजनेचा. यात सरकार जमीन विकत घेत नाही. एका भागातल्या सर्व मालकांच्या जमिनी कागदावर एकत्र धरल्या जातात, आडवे-उभे रस्ते, बाग, शाळा यांची जागा सर्वांकडून प्रमाणात काढली जाते, आणि प्रत्येक मूळ भूखंडाच्या बदल्यात मालकाला नीट आकाराचा, रस्त्याला लागलेला अंतिम भूखंड परत मिळतो. क्षेत्र कमी होते, किंमत वाढते. चिंचोळ्या पट्ट्यांचा प्रश्न मुळातूनच सुटतो, कारण पट्ट्यांचा आकारच बदलला जातो, आणि आडव्या रस्त्याचा भार एकावर न पडता सर्वांवर विभागला जातो. वांद्रे, सांताक्रूझ येथील पत्त्यांत आजही 'टीपीएस' ही अक्षरे दिसतात, ती याच योजनांची खूण. जपानमध्येही याच्याशी मिळतीजुळती भूखंड-पुनर्रचनेची पद्धत रुजली. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोचा मोठा भाग त्याच पद्धतीने पुन्हा आखला गेला.

महाराष्ट्राच्या १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमातही ही तरतूद कायम आहे. मात्र योजना पूर्ण व्हायला दशके लागू लागली, दावे साचले, आणि हळूहळू सगळा भर विकास आराखड्यावर आला. विकास आराखड्यात मोठे रस्ते दाखवले जातात. लहान रस्ते ज्याच्या-त्याच्या लेआउटवर सोपवले जातात. आराखड्यातला रस्ता ताब्यात घ्यायचा तर रोख मोबदला द्यावा लागतो, नाहीतर हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर (जागेच्या बदल्यात दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क). टीडीआर १९९१ मध्ये मुंबईत आणि १९९७ मध्ये पुण्यात आला. तो मालकाच्या संमतीने मिळतो, म्हणून रस्त्याची जागा सलग न येता तुकड्यातुकड्यांनी येते. ज्याला बांधकाम करायचे आहे तो जागा देतो, ज्याला भाव वाढण्याची वाट पाहायची आहे तो देत नाही. पुण्यात ज्याला 'मिसिंग लिंक' म्हणतात तो बहुतेक वेळा असाच शंभर-दोनशे मीटरचा न मिळालेला तुकडा असतो. दोन्ही बाजूंना विकास आराखड्यातला (डीपी) अठरा मीटरचा रस्ता तयार, आणि मध्ये शेत.

गुजरातने नगररचना योजनेचा मार्ग सोडला नाही, सुधारला. १९९९ मध्ये तिथे असा बदल करण्यात आला, की योजनेचा मसुदा मंजूर होताच रस्त्यांची जागा ताब्यात घेता यावी; भूखंडांच्या मूल्यांकनाचे वाद मागाहून चालू राहोत. रस्ते त्या वादांत अडकेनासे झाले. अहमदाबादचा ७६ किलोमीटरचा सरदार पटेल वर्तुळाकार मार्ग मुख्यत्वे अशा योजनांमधून जागा मिळवून झाला. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने म्हाळुंगे-माण येथे नगररचना योजना हाती घेतली, ते पाऊल योग्य दिशेचे आहे. पण जिथे योजना करायची ते क्षेत्र अजून रिकामे असले पाहिजे, हे भान ठेवावे लागते. १९९७, २०१७ आणि २०२१ अशा टप्प्यांनी पुणे महापालिकेत गावे आली, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच गावांत इमारती आधीच उभ्या होत्या. तिथे आराखडा करणे म्हणजे झालेल्या बांधकामांच्या फटींतून रस्ता शोधणे.

---

नाशिककर

मोजणीदार यांचे म्हणणे पटते, तरी शेतकऱ्यांचा विश्वास हा प्रश्न उरतोच. आमच्याकडे मखमलाबाद परिसरात अशी योजना आणण्याचा प्रयत्न झाला तेव्हा शेतकऱ्यांमधून मोठा विरोध झाला. अंतिम भूखंड केव्हा मिळेल, तोवर जमिनीवर काय करता येईल, सुधारणा-आकार (वाढलेल्या किमतीपोटी मालकाने भरायची रक्कम) किती लागेल, याची स्पष्ट उत्तरे सुरुवातीलाच मिळाली नाहीत, तर कोणीही आपली जमीन कागदावर का सोडावी?

---

पाणंद

नाशिककरांचा मुद्दा योग्य आहे. मगरपट्ट्याचे उदाहरण इथे आठवते. हडपसरजवळच्या सुमारे चारशे एकरांवरील शेतकरी कुटुंबांनी स्वतःच जमिनी एकत्र केल्या, कंपनीत हिस्सेदार झाले आणि २००० च्या सुमारास वसाहत उभी केली. बांध मोडायला तिथे कोणाची ना नव्हती, कारण वाढलेल्या किमतीत प्रत्येकाचा वाटा ठरलेला होता. त्यामुळे आतले रस्ते सलग झाले. पण तीही एक मर्यादित हद्दीची वसाहत आहे, आणि तिच्यासारख्या दहा वसाहती शेजारीशेजारी झाल्या तर त्यांच्यामधल्या सीमांवर तोच प्रश्न पुन्हा उभा राहील. आतली आखणी शेतकऱ्यांनी करावी, पण कोणत्या ठिकाणी बाहेरच्या जाळ्याला मिळायचे ते बिंदू सार्वजनिक यंत्रणेने आधी ठरवून द्यावेत.

---

गॅलरीतून

खांब लावलेल्या दोन मीटरच्या पायवाटेची कल्पना मला आणि आमच्या इमारतीतल्या आणखी काही जणांना मान्य होण्यासारखी आहे, विशेषतः मागच्या वसाहतीत शाळा असल्याने. रात्री ठरावीक वेळी ती बंद करता यावी आणि दिव्यांचा खर्च महापालिकेने उचलावा, एवढ्या दोन अटी सभेत निघतील. अशी वाट कायदेशीररीत्या कशी काढता येते, हे मोजणीदार यांनी सांगावे. केवळ शेजाऱ्यांच्या तोंडी संमतीवर भिंत फोडायला कोणतीही कार्यकारिणी तयार होणार नाही.

---

मोजणीदार

उभ्या झालेल्या वसाहतींसाठी आणि होऊ घातलेल्या वसाहतींसाठी उत्तर वेगळे आहे.

तुमच्यासारख्या ठिकाणी प्रथम दोन्ही संकुलांचे मंजूर नकाशे मिळवावेत. माहितीच्या अधिकारात ते मिळतात. अनेकदा नकाशात रस्ता हद्दीपर्यंत दाखवलेला असतो आणि भिंत नंतर बांधलेली असते. तसे असेल तर निम्मे काम झालेच. सोबत गावनकाशाची प्रत भूमी अभिलेख कार्यालयातून घ्यावी आणि तिथून एखादी पाणंद जात होती का ते पाहावे. यानंतर दोन्ही संस्थांनी सर्वसाधारण सभेत ठराव करून, वाटेची रुंदी, वेळ आणि देखभाल यांचा लेखी करार करून महापालिकेकडे जावे. नुसत्या विनंतीअर्जापेक्षा दोन संस्थांचे ठराव जोडलेल्या अर्जाला वेगळे वजन असते.

जिथे आराखडा अजून व्हायचा आहे, तिथे प्रारूप विकास आराखडा १९६६ च्या अधिनियमाच्या कलम २६ खाली प्रसिद्ध होतो, तेव्हा हरकती व सूचना देण्यासाठी ठरावीक मुदत असते आणि पुढे कलम २८ खाली नियोजन समितीसमोर सुनावणी होते. आजवरच्या बहुतेक हरकती 'माझ्या जमिनीवरचे आरक्षण काढा' किंवा 'रस्ता माझ्या हद्दीतून नको' अशा असतात. 'या दोन रस्त्यांमध्ये सव्वाशे मीटरवर आडवा रस्ता दाखवा', 'हा शिवरस्ता आराखड्यात कायम ठेवा' अशा सूचना फारच थोड्या येतात. त्या देताना गट क्रमांक, गावनकाशाची प्रत आणि मापासह रेखाटन जोडावे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी वसाहत कार्यक्रमाने प्रति चौरस किलोमीटर किमान अठरा किलोमीटर रस्ते असावेत असे सुचवले आहे. शंभर मीटरच्या चौकटींचे जाळे घेतले तर ती लांबी वीस किलोमीटरच्या आसपास येते. आपल्या भागाची लांबी ओपनस्ट्रीटमॅपवरून मोजून तो आकडा सूचनेत लिहिला, तर सुनावणीत त्याला उत्तर द्यावे लागते.

---

नकाशावाचक

मोजणीदार यांनी सांगितल्याप्रमाणे मी धायरी आणि आंबेगाव परिसरातल्या बंद टोकांची यादी करायला घेतो आहे. त्यात ज्या भिंतीच्या पलीकडे पन्नास मीटरच्या आत दुसरा रस्ता आहे, अशीच ठिकाणे धरणार आहे. वाघोली, उंड्री आणि सूस या भागांत राहणाऱ्या सभासदांनी आपापल्या परिसरातली अशी ठिकाणे गट क्रमांकासह याच धाग्यावर लिहावीत. पाणंद, जुन्या वाटा गावनकाशावर कोणत्या खुणेने दाखवलेल्या असतात हे तुम्ही सविस्तर लिहिले, तर नकाशा वाचण्याची सवय नसलेल्यांनाही त्या शोधता येतील.